मुलाचा खोकला ऐकताय? आधी त्याचे श्वास मोजा

जूनच्या मध्याला शाळा आणि बालवाड्या उघडतात आणि दोन-तीन आठवड्यांत ठाणे-नवी मुंबईतल्या बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत बसायला जागा मिळेनाशी होते. कळवा असो, कासारवडवली असो, ऐरोली असो की बेलापूर, आई-बाबांचं पहिलं वाक्य साधारण सारखंच असतं. "डॉक्टर, खोकला थांबतच नाही." "छातीत कफ भरलाय." "रात्रभर घरघर चालू होती." खोकला, कफ, ताप यांचं वर्णन तपशीलवार होतं, पण श्वासाबद्दल क्वचितच कोणी काही सांगतं. ते बोलत असताना आम्ही डॉक्टर मात्र मुलाच्या पोटाकडे आणि छातीकडे बघत असतो. आजार किती गंभीर आहे, हे बरंचसं तिथेच दिसतं.

खोकल्याच्या आवाजावरून घाबरायचं की निर्धास्त राहायचं हे ठरवता येत नाही. घर दणाणून टाकणारा खोकला असलेलं मूल हसत-खेळत असतं, आणि जेमतेम खोकणारं चार महिन्यांचं बाळ तासाभरात ऑक्सिजनवर घ्यावं लागतं. श्वास बघायला कोणीही शिकू शकतं. त्याला यंत्र लागत नाही.

लहान मुलांनाच एवढा त्रास का

तान्ह्या बाळाची मुख्य श्वासनळी सुमारे ४ मिलिमीटर रुंद असते, पेन्सिलीहूनही बारीक. आतल्या अस्तराला चहूबाजूंनी १ मिलिमीटर सूज आली की हवेला जायला २ मिलिमीटरची वाट उरते. रुंदी निम्मी झाली, पण त्रास नुसता दुप्पट होत नाही. नळी अरुंद झाली की हवेला होणारा अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या पटीत वाढतो. म्हणजे इथे तो १६ पट होतो. तेवढीच सूज मोठ्या माणसाच्या रुंद नळीत आली तर घसा बसतो, थोडा खोकला येतो, एवढंच. म्हणून एकच विषाणू घरात फिरला की बाबांना शिंका, आजीला खोकला आणि सहा महिन्यांच्या बाळाला धाप, असं होतं.

त्यात पहिले काही महिने बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं. नाक चोंदलं की दूध ओढता येत नाही, चार घोट घेऊन ते सोडून रडतं, आणि घरच्यांना वाटतं पोट दुखतंय. बाळाच्या बरगड्याही मऊ असतात. जोर लावून श्वास घ्यायचा तर सगळा भार पोटाच्या वरच्या पडद्यावर येतो आणि तो स्नायू लवकर थकतो.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे अर्धी काळजी कमी होईल. पहिली पाच-सहा वर्षं मुलाला वर्षात सहा ते आठ वेळा सर्दी-खोकला होणं स्वाभाविक आहे. पाळणाघरात जाणाऱ्यांना त्याहून जास्त. प्रत्येक सर्दी दहा-बारा दिवस राहते, मागचा खोकला कधी कधी तीन आठवडे रेंगाळतो. हिशेब मांडला तर पावसाळाभर "सारखं आजारीच असतं" असं वाटणारच. वजन वाढतंय, मधल्या दिवसांत मूल खेळतंय, तर प्रतिकारशक्ती वाढवायचं टॉनिक शोधायची गरज नाही. शेंबूड पांढऱ्याचा पिवळा-हिरवा झाला, म्हणून जंतू बदलले असंही नाही. विषाणूच्या साध्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो तसा होतो.

एक मिनिट, घड्याळ लावून

श्वास मोजायचे ते मूल शांत असताना. झोपेत सगळ्यात चांगलं, नाहीतर मांडीवर. रडताना किंवा दूध पिताना नको. झबलं वर करा, छाती आणि पोट दोन्ही उघडं दिसू द्या, मोबाइलवर एक मिनिटाचा टायमर लावा. पोट वर येऊन खाली गेलं की एक श्वास. पूर्ण ६० सेकंद मोजा. तीस सेकंद मोजून दुप्पट करू नका, कारण तान्ही बाळं एका लयीत श्वास घेत नाहीत. मधेच पाच-दहा सेकंद थांबतात, मग भराभर घेतात, आणि एरवी ठीक असलेल्या नवजात बाळात ते चालतं. थांबणं वीस सेकंदांपर्यंत लांबलं किंवा ओठ निळे पडले, तर मात्र लगेच हॉस्पिटल.

जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेले आकडे पाठ करण्यासारखे आहेत. आशाताईही हेच वापरतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त श्वास असतील, तर ते जलद आहेत. तापातही श्वास वाढतात, म्हणून दोन महिन्यांपुढच्या मुलाला ताप असेल तर पॅरासिटामॉल देऊन, तो उतरल्यावर पुन्हा मोजा. तेव्हाही आकडा वरच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं, उद्यावर टाकायचं नाही.

मोजून झालं की बरगड्यांकडे बघा. श्वास आत घेताना छाती बाहेर यायला हवी. त्याऐवजी छातीचा खालचा भाग, शेवटच्या बरगड्यांच्या कडेचा, आत ओढला जात असेल तर मूल जिवाच्या आकांताने श्वास घेतंय. आज्या ज्याला "पोट उडतंय" म्हणतात ते बहुतेक वेळा हेच असतं, आणि आजीने असं म्हटलं तर तिचं ऐका. नाकपुड्या फुलणं, गळ्याच्या खळीत खड्डा पडणं, प्रत्येक श्वासाला डोकं वर-खाली होणं, श्वास सोडताना कण्हल्यासारखा बारीक आवाज येणं, या सगळ्याचा अर्थ तोच. शंका असेल तर उघड्या छातीचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्यात पोचेपर्यंत मूल रडायला लागतं आणि मग काहीच नीट कळत नाही. घरचा व्हिडिओ आम्हाला दहा प्रश्नांपेक्षा जास्त सांगतो.

कोविडनंतर घरोघरी ऑक्सिमीटर आले. ते वापरा, पण मोठ्यांची क्लिप बाळाच्या इवल्या बोटावर नीट बसत नाही, हात गार असेल किंवा हलत असेल तर आकडा चुकतो. अंगठा किंवा पायाचा अंगठा धरून, नाडीचा आकडा स्थिर झाल्यावरच वाचा. आपल्याकडे समुद्रसपाटीला निरोगी मुलाचा ऑक्सिजन ९५च्या वर असतो. ९४च्या खाली सतत दिसत असेल तर डॉक्टर. ९०च्या खाली असेल तर हॉस्पिटल आणि ऑक्सिजन. आकडा ९७ असूनही बरगड्या आत जात असतील तर विश्वास बरगड्यांवर ठेवा.

आवाज कुठून येतोय

डॉक्टर स्टेथोस्कोप लावतात तेव्हा मनातला पहिला प्रश्न असतो, अडथळा नेमका कुठे? त्यावरच औषध ठरतं. नाकातली घुरघुर सगळ्यात जास्त ऐकू येते आणि सगळ्यात कमी धोक्याची असते. बाळाच्या पाठीला हात लावला तर ती थरथर हाताला लागते आणि "छाती भरलीये" असं वाटतं, पण उगम नाकामागे असतो. सलाइनचे दोन-दोन थेंब नाकात टाकले आणि घुरघुर कमी झाली, तर उत्तर मिळालं.

नाकाखालचे आवाज श्वासाच्या कोणत्या टप्प्यावर येतात ते बघायचं. आत घेताना आवाज येत असेल तर अडथळा वर, स्वरयंत्राच्या आसपास. सोडताना शिट्टीसारखा आवाज येत असेल तर खाली, बारीक नळ्यांत. आणि कण्हणं, जलद श्वास, ताप हे एकत्र आलं तर त्याहून खोल, फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्यांत.

वरचा आजार म्हणजे क्रूप. दिवसभर साधी सर्दी, आणि मध्यरात्री मूल दचकून उठतं, कुत्रं भुंकल्यासारखा खोकला, आवाज बसलेला, श्वास आत घेताना कर्कश घरघर. साधारण सहा महिने ते तीन वर्षं या वयात होतो, बहुतेक वेळा पॅराइन्फ्लुएन्झा नावाच्या विषाणूमुळे. ऐकायला फार भयानक, पण उपाय सोपा: डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा तोंडाने दिलेला एकच डोस सहसा पुरतो, काही तासांत सूज उतरते. शांत बसल्यावरही तो आवाज येत असेल तर हॉस्पिटलमध्ये अ‍ॅड्रिनालिनची वाफ देतात. मुलाला मांडीवर उभं धरा, रडू देऊ नका. रडलं की घसा आणखी आवळतो. चमचा घालून घसा बघायचा मोह टाळा. खूप ताप, लाळ गळतेय, मूल पुढे वाकून बसलंय आणि गिळू शकत नाही, असं दिसलं तर तो क्रूप नसून स्वरयंत्रावरच्या झाकणाची सूज असू शकते. ती जीवघेणी आहे. ती मुख्यतः हिब नावाच्या जिवाणूमुळे होते, आणि पेंटाव्हॅलंट लसीतल्या हिब घटकामुळे आता क्वचितच दिसते.

तिसऱ्या दिवसाची भीती

बारीक नळ्यांच्या सुजेबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण सर्वात जास्त नको ती औषधं इथेच दिली जातात. दोन वर्षांच्या आत, विशेषतः पहिल्या सहा महिन्यांत होणाऱ्या या आजाराला ब्रॉन्किओलायटिस म्हणतात. बहुतेक वेळा कारण आरएसव्ही हा विषाणू. पहिले दोन दिवस नाक वाहतं. मग खोकला, शिट्टी, जलद श्वास, दूध कमी. तिसरा ते पाचवा दिवस सर्वात वाईट असतो. त्यानंतर हळूहळू उतार, खोकला मात्र दोन-तीन आठवडे चालतो.

हे वेळापत्रक घरच्यांना माहीत नसतं. पहिल्या दिवशी दाखवलं, तिसऱ्या दिवशी वाढलं, म्हणून डॉक्टर बदलले. नव्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं, सहाव्या दिवशी बाळ बरं दिसलं, श्रेय औषधाला गेलं. बाळ तसंही बरं होणारच होतं. या आजारात अँटिबायोटिकचा उपयोग नाही, स्टेरॉइडचा नाही, आणि नेब्युलायझरमधून दिलेल्या साल्ब्युटामॉलचाही बहुतेक बाळांना होत नाही. नळ्या इथे आवळलेल्या नसतात, सूज आणि चिकट स्रावाने भरलेल्या असतात. नळ्या सैल करणारं औषध काय करणार?

उपयोग होतो तो साध्या गोष्टींचा. दूध पाजण्याआधी नाकात सलाइन, थोडं थोडं पण वारंवार दूध, कडेवर उभं धरणं, आणि घरात धूर नाही. नेहमीच्या निम्म्याहून कमी दूध घेत असेल, आठ-दहा तास लंगोट कोरडा असेल, बरगड्या आत जात असतील, किंवा बाळ अडीच-तीन महिन्यांच्या आतलं, मुदतीआधी जन्मलेलं किंवा हृदयाचा जन्मजात आजार असलेलं असेल, तर भरती करून घेणं योग्य. तिथेही मुख्य उपचार ऑक्सिजन आणि नळीने दूध किंवा सलाइन हाच असतो. "चार दिवस ठेवलं आणि औषध काहीच दिलं नाही" अशी तक्रार कानावर येते. तेच बरोबर होतं, हे सांगताना डॉक्टरांनी वेळ द्यायला हवा, हेही तितकंच खरं.

न्यूमोनिया आणि अँटिबायोटिक

ताप, खोकला आणि वर दिलेल्या आकड्यांपेक्षा जलद श्वास, ही न्यूमोनियाची कामापुरती व्याख्या. इथे अँटिबायोटिकची गरज असते आणि ते वेळेवर द्यायचं असतं. बहुतेक मुलांना पहिलं औषध तोंडाने घ्यायचं अमॉक्सिसिलिन, जुनं आणि स्वस्त. "हेवी डोस" मागण्यात शहाणपण नाही. ४८ तासांनी पुन्हा दाखवायचं. ताप उतरणीला लागलेला असावा, श्वास मंदावलेले असावेत. बरं वाटलं म्हणून मधेच बंद करायचं नाही, आणि उरलेली बाटली पुढच्या सर्दीसाठी फ्रिजमध्ये ठेवायची नाही. केमिस्टकडून तीन दिवसांचं अझिथ्रोमायसिन आणून प्रत्येक सर्दीला द्यायची सवय फार पसरली आहे. तिने जंतू औषधाला दाद देईनासे होतात, आणि खरोखर न्यूमोनिया होतो तेव्हा हाताशी औषध कमी उरतं.

घरी बरं होण्यासारख्या न्यूमोनियाला छातीचा एक्स-रे लागत नाही. मूल गंभीर असेल, दोन-तीन दिवसांत उतार नसेल, किंवा फुप्फुसाभोवती पाणी-पू झाल्याची शंका असेल, तेव्हा तो काढावाच. रक्ततपासणीवरून विषाणू की जिवाणू हे दर वेळी खात्रीने कळत नाही. तपासणी लिहिली नाही म्हणजे डॉक्टरांनी नीट बघितलं नाही, असं समजू नका.

बाळदमा आणि "पंप"

सर्दी झाली की छातीत शिट्टी वाजते, असं पाच वर्षांखालच्या पुष्कळ मुलांचं होतं, आणि त्यातली बरीच मोठी होताना त्यातून बाहेर पडतात. दमा म्हणायला आम्ही वेगळं काही शोधतो. सर्दी नसतानाही रात्री-पहाटे खोकला येतो का? पळल्यावर, खळखळून हसल्यावर, थंड हवेत खोकल्याची उबळ येते का? अंगावर कोरडा खाजरा इसब आहे का, सकाळी शिंकांची माळ लागते का, आई-वडिलांपैकी कोणाला दमा आहे का? साल्ब्युटामॉल दिल्यावर मूल पटकन मोकळं होतं का? फुंकर मारून करायची स्पायरोमेट्री साधारण सहा वर्षांपुढच्या मुलांनाच जमते. त्याआधी निदान या प्रश्नांवर आणि दोन-तीन महिने औषध देऊन काय फरक पडतो यावर होतं. रक्तातली आयजीई, म्हणजे अ‍ॅलर्जीत वाढणारं प्रथिन, वाढली म्हणजे दमा, असं नाही. आणि एकेकाळी अशा कितीतरी मुलांना "प्रायमरी कॉम्प्लेक्स", म्हणजे लहान मुलांचा सुरुवातीचा टीबी, म्हणून सहा-सहा महिने टीबीची औषधं दिली गेली, ते दुखणं घराघरात अजून आठवणीत आहे.

इनहेलरचं नाव काढलं की घरात शांतता पसरते. "पंपाची सवय लागेल", "आता आयुष्यभर", "मुलीचं लग्न कसं व्हायचं". सवय लागत नाही. इनहेलरमधलं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये मोजतात आणि ते थेट नळीत जातं. तोंडाने दिलेल्या स्टेरॉइडच्या सिरपमध्ये मिलिग्रॅम असतात, म्हणजे कितीतरी पट जास्त, आणि ते सगळ्या अंगात फिरतं. रोजच्या इनहेलरने उंचीत सुरुवातीच्या एक-दोन वर्षांत साधारण एक सेंटिमीटरचा फरक पडू शकतो, पुढे तो वाढत जात नाही. दर महिन्याला धाप लागून शाळा बुडणाऱ्या, रात्र रात्र जागणाऱ्या मुलाचं नुकसान त्याहून फार मोठं आहे.

निळा इनहेलर आराम देणारा, साल्ब्युटामॉलचा. त्रास होईल तेव्हा घ्यायचा. रोजचा वेगळा, तो सूज आटोक्यात ठेवतो आणि मूल ठणठणीत असतानाही चालू ठेवायचा असतो. लोक नेमका तोच आधी बंद करतात. दोन्हीसोबत स्पेसर हवा, म्हणजे मधला पोकळ नळा. चार वर्षांखाली त्याला मास्कही. हलवा, मास्क नाका-तोंडावर घट्ट बसवा, एक पफ दाबा, मुलाला सहा ते दहा श्वास घेऊ द्या. दुसरा पफ हवा असेल तर अर्ध्या-एक मिनिटाने पुन्हा हलवून. दोन पफ एकदम सोडले तर औषध नळ्याच्या भिंतीला चिकटून वाया जातं. स्टेरॉइडनंतर चूळ भरायला लावा किंवा तोंड पुसा. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच वाळू द्या; फडक्याने आतून पुसला की घर्षणाने वीज साठते आणि औषध भिंतीला धरतं. एवढं जमलं तर घरच्या नेब्युलायझर मशीनची बहुतेकांना गरज राहत नाही. स्पेसरमधून औषध तितकंच पोचतं, आणि लोकल बंद पडली तरी तो पिशवीत असतो.

माँटेल्युकास्टबद्दल एक सूचना. दमा-अ‍ॅलर्जीचं हे औषध हल्ली सर्दीच्या प्रत्येक चिठ्ठीत दिसतं. काही मुलांना त्याने वाईट स्वप्नं पडतात, चिडचिड वाढते, वागणं बदलतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये त्यावर सर्वात कडक इशारा छापायला लावला. गरज असेल तेव्हा ते द्यावं, पण अचानक वागणं बदललं तर औषध आठवा आणि डॉक्टरांना सांगा.

शेंगदाणा

धडधाकट मूल खाता-खेळता एकदम ठसकलं, गुदमरल्यासारखं झालं, मग शांत झालं, आणि त्या दिवसापासून खोकला जात नाही. हा इतिहास कोणी आपणहून सांगत नाही, विचारावा लागतो. शेंगदाणा, चणा, चिंचोका, सीताफळाची बी श्वासनळीत गेली तर एकाच बाजूच्या छातीत शिट्टी येते किंवा तिकडे हवाच कमी जाते. शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही, आणि एक्स-रे नॉर्मल आला म्हणून विषय संपत नाही. शंका असेल तर दुर्बीण घालून बघावंच लागतं. चार वर्षांखालच्या मुलाच्या हातात अख्खा शेंगदाणा देऊ नका. कूट चालेल.

त्या क्षणी मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाजच निघत नसेल, तर एक वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली करून पाठीवर पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच दाब, असं आलटून पालटून. मोठ्या मुलाला मागून मिठी मारून बेंबीच्या वर झटका द्यायचा. दिसत नसताना तोंडात बोट घालून चाचपडू नका, वस्तू आत ढकलली जाते.

न जाणाऱ्या खोकल्याची आणखी दोन कारणं लक्षात ठेवा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, वजन उतरणं, संध्याकाळचा ताप, आणि घरात किंवा शेजारी कोणाला टीबी, असं असेल तर टीबीची तपासणी करायचीच. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात ती आणि औषधं मोफत आहेत. लहान मुलं थुंकी देऊ शकत नाहीत, म्हणून सकाळी पोटातून नळीने घेतलेला नमुना तपासतात. खोकून खोकून तोंड लाल, शेवटी लांब आवाज करत श्वास आणि उलटी, हा डांग्या खोकला. लस राहिलेल्या बाळांत तो अजूनही होतो.

घरातली बाटली, घरातली धुरी

पॅरासिटामॉल वजनावर द्यायचं, वयावर नाही. एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार-सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. घोळ होतो तो बाटलीवर. आपल्याकडे ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅमचं सिरप मिळतं, ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅमचंही, आणि थेंबांत १ मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम. दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम द्यायचे, म्हणजे पहिल्यातून ६, दुसऱ्यातून ३ आणि थेंबांतून दीड मिलिलिटर. बाटली बदलली की मात्रा बदलते. स्वयंपाकघरातला चमचा मापाला घेऊ नका. अ‍ॅस्पिरिन मुलांना देऊ नका.

खोकल्याच्या सिरपने मुलांचा खोकला लवकर बरा होतो असा भरवशाचा पुरावा नाही. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात डायइथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रव्याची भेसळ असलेल्या सिरपने मूत्रपिंडं निकामी होऊन मुलं दगावली. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने स्पष्ट सांगितलं: दोन वर्षांखाली सर्दी-खोकल्याची औषधं द्यायची नाहीत, आणि पाचखाली सर्वसाधारणपणे टाळायची. एक वर्षापुढच्या मुलाला रात्री अर्धा-एक चमचा मध द्या, खोकल्याला त्याने आराम पडतो. एक वर्षाच्या आत मध अजिबात नको, चाटणातूनही नको. त्यातल्या जंतूंमुळे बाळाचे स्नायू लुळे पडण्याचा आजार होऊ शकतो.

ओव्याची पुरचुंडी उबदार करून छातीला शेक द्यायला माझी हरकत नाही, आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघा. पण शेगडीची धुरी बाळाला देऊ नका. आंघोळीनंतर निखाऱ्यावर ओवा-बाळंतशेपा टाकून बाळाला त्या धुरात धरायची पद्धत प्रेमापोटीच आली आहे, तरी चार मिलिमीटरच्या नळीला धूर म्हणजे धूर. नाकात तेल सोडू नका, ते फुप्फुसात उतरून वेगळाच न्यूमोनिया होतो. कापराचे बाम दोन वर्षांखाली टाळा. उकळत्या पाण्याच्या पातेल्याजवळ मुलाला नेऊच नका. वाफाऱ्याने फायदा झालेली मुलं मला आठवत नाहीत, भाजलेली आठवतात.

आपल्या शहरांची हवा

घोडबंदर रोडच्या दोन्ही बाजूंना वर्षानुवर्षं बांधकामं आणि मेट्रोचं काम चालू आहे. पलीकडे तुर्भे, पावणे, महापे, रबाळे आणि तळोज्याचे कारखाने. नोव्हेंबर ते फेब्रुवारी थंड हवा खाली बसते आणि धूळ-धूर वर जात नाही. रात्री उग्र वास आल्याच्या वाशी-कोपरखैरणेतल्या तक्रारी तर वर्तमानपत्रांत नेहमीच्या. या हवेने दमा असलेल्या मुलांचे झटके वाढतात, आणि ते आई-बाबांच्या हातात नाही. महापालिकेने बांधकामांभोवती हिरवं कापड आणि पाण्याचे फवारे सक्तीने लावून घेतले पाहिजेत, आणि ते होत नसेल तर सोसायट्यांनी लेखी तक्रारी कराव्यात, असं मला मनापासून वाटतं.

घरातलं मात्र आपल्या हातात आहे. डासांची कॉइल बंद करून मच्छरदाणी लावा, उदबत्ती मुलाच्या खोलीत नको, सिगारेट गॅलरीतही नको. पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीला ओल येऊन काळी बुरशी धरते, ती नुसती रंगवून झाकू नका, गळती काढा. एसीच्या बाहेरच्या यंत्रामागे कबुतरांनी घरटं केलं असेल तर जाळी लावून घ्या. त्यांच्या विष्ठेची धूळ दमेकरी मुलाला सोसत नाही.

न्यूमोनियाची पीसीव्ही लस २०२१पासून देशभर सरकारी लसीकरणात आहे: दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने, मोफत. पूर्वी खासगीत हजारो रुपये मोजून ती घ्यावी लागायची. फ्लूची लस अजून खासगीतच घ्यावी लागते. सहा महिन्यांपुढे दरवर्षी, पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, आणि आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात उसळतो म्हणून मे महिन्यातच घेतलेली बरी.

रात्री दोन वाजता मूल पीत नसेल, सगळं उलटत असेल, हाक मारूनही सुस्त पडून असेल, आकडी (फिट) आली असेल, ओठ-जीभ निळी दिसत असेल किंवा शांत असताना श्वासाचा कर्कश आवाज येत असेल, तर नर्सिंग होम-नर्सिंग होम करत फिरू नका. बालरोग विभाग आणि ऑक्सिजन असलेल्या ठिकाणी थेट जा: ठाण्यात कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नवी मुंबईत वाशीचं महापालिका रुग्णालय, किंवा रात्री बालरोगतज्ज्ञ हजर असतात याची तुम्ही आधीच खात्री केलेलं जवळचं खासगी हॉस्पिटल. गाडी नसेल तर १०८. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप किंवा जलद श्वास यांपैकी एक जरी असलं तरी हाच नियम. बाळाला मांडीवर उभं धरून न्या, तोंडावर पांघरूण नको. सोबत लसीकरणाचं कार्ड, दिलेल्या सगळ्या औषधांच्या बाटल्या, मुलाचं वजन आणि मोबाइलमधला तो श्वासाचा व्हिडिओ घ्या.